कादंबरी ऐकताना आपण नेमके काय ऐकतो?

हॅरी पॉटरच्या सातही कादंबऱ्या इंग्रजी श्रोत्यांनी वर्षानुवर्षे दोन वेगळ्या आवाजांत ऐकल्या आहेत. ब्रिटिश आवृत्ती स्टीफन फ्राय यांनी वाचली, अमेरिकी आवृत्ती जिम डेल यांनी. काही शब्दांचे फरक सोडले तर मजकूर तोच, प्रसंग तेच, शेवटही तोच. तरी एका आवाजावर वाढलेल्या श्रोत्याला दुसरा आवाज लावून दिला की तो लगेच कुरकुरू लागतो. मराठीतही हे घडते. छापील स्वरूपात एका बैठकीत संपवलेली कादंबरी ऑडिओबुक म्हणून लावली, तर वीस मिनिटांत बंद करावीशी वाटते. उलट, कपाटात वर्षभर पडून राहिलेले पुस्तक कुणाच्या तरी आवाजात सहज कानावरून जाते आणि शेवटपर्यंत ऐकले जाते. लेखकाचा एकही शब्द बदललेला नसतो. मग बदलते ते काय?

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘आवाज आवडला’ किंवा ‘आवाज आवडला नाही’. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आवाजाचा पोत पहिली दहा मिनिटे जाणवतो, मग कान त्याला सरावतो. दहा तासांची कादंबरी ऐकणे सुखाचे होईल की नाही, हे वाचून दाखवणारा, म्हणजे अभिवाचक, दर वाक्याला जे बारीकसारीक निर्णय घेतो त्यांवर ठरते. कुठे थांबायचे, कोणत्या शब्दावर भार द्यायचा, पात्र किती रंगवायचे, आपण कधी बाजूला व्हायचे, हे सगळे त्यात आले. मनात वाचताना हे निर्णय आपण स्वतःच घेत असतो, तेही नकळत. ऐकताना ते आपण दुसऱ्यावर सोपवतो. त्यामुळे ऑडिओबुकमध्ये आपण कादंबरी ऐकतो तेव्हा, खरे पाहता, तिचे कुणीतरी केलेले वाचन ऐकत असतो.

डोळ्याची मुभा, कानाची अडचण

छापील पानावर डोळा सरळ रेषेत चालत नाही. तो शब्दावरून शब्दावर उड्या मारतो आणि मधूनच मागे वळतो. सराईत वाचकाच्या दर शंभर उड्यांपैकी साधारण दहा ते पंधरा उड्या मागच्या दिशेने असतात, असे वाचनाच्या अभ्यासकांना आढळले आहे. वाक्य नीट लागले नाही, नाव विसरले, संदर्भ चुकला की डोळा क्षणात मागे जाऊन दुरुस्ती करून येतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. कंटाळवाणे वर्णन आले की तोच डोळा भराभर पुढे सरकतो, आणि आवडलेल्या ओळीपाशी रेंगाळतो.

कानाला अशी मुभा नाही. कानावर पडलेला ध्वनी मनात जसाच्या तसा जेमतेम दोन सेकंद टिकतो. तेवढ्यात त्याचा अर्थ लागला तर ठीक, नाहीतर पुढचे शब्द येऊन मागच्यांना ढकलून देतात. ॲपमध्ये पंधरा-तीस सेकंद मागे नेणारे बटण असते खरे, पण भांडी घासताना किंवा लोकलमध्ये दांडा धरून उभे असताना ते कोण दाबत बसणार? त्यामुळे ऐकणाऱ्याचे लक्ष सुटण्याचा धोका जास्त असतो. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना एकाच पुस्तकातले उतारे तीन प्रकारे दिले होते: मनात वाचायला, मोठ्याने वाचायला आणि नुसते ऐकायला. मन सर्वांत जास्त भटकले ते ऐकताना. सर्वांत कमी भटकले मोठ्याने वाचताना, म्हणजे मजकूर स्वतःच्या तोंडून उच्चारताना.

मोठ्याने वाचणारा माणूस मजकुराला घट्ट बांधलेला असतो, कारण त्याला पावलोपावली अर्थाचा निर्णय घ्यावा लागतो. ऐकणाऱ्याला तसे काही करावे लागत नाही, म्हणून तो सुटतो. अशा वेळी वाक्याचे नीट तुकडे पाडणे, नवे नाव आले की ते कानात बसेल इतकी जागा देणे, महत्त्वाच्या गोष्टीआधी किंचित सावध करणे, ही डोळा परस्पर उरकत असलेली कामे अभिवाचकाकडे येतात. त्याने ती केली नाहीत तर श्रोता म्हणतो, ‘कादंबरी रटाळ आहे.’ दोष मात्र कादंबरीचा नसतो.

पंगतीतला वाढपी

वेग आणि विराम कसे काम करतात हे कळायला लग्नाची पंगत आठवावी. स्वयंपाक आचाऱ्याचा असतो, पण पानावर बसलेल्याला तो कसा लागेल हे बरेचसे वाढप्यावर अवलंबून असते. पहिली जिलबी संपायच्या आत दुसरी पडली तर जेवणारा गांगरतो, आणि भात संपून गेल्यावर वरण आले तर चिडतो. घरी आपल्या हाताने वाढून घेताना हा प्रश्नच येत नाही. छापील पुस्तक आपण आपल्या हाताने वाढून घेतो, ऑडिओबुकमध्ये वाढपी दुसरा असतो.

इंग्रजी ऑडिओबुकच्या व्यवसायात ध्वनिमुद्रणाचा अंदाज बांधताना तासाला साधारण ९,३०० शब्द धरतात, म्हणजे मिनिटाला दीडशेच्या थोडे वर. इंग्रजी कथा-कादंबरी मनात वाचण्याचा प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्दांच्या आसपास जातो. याचा अर्थ ऐकणारा माणूस वाचणाऱ्यापेक्षा बराच संथ चालत असतो. म्हणूनच ऐकताना वर्णने लांबल्यासारखी वाटतात आणि संवाद मात्र खुलतात, कारण संवाद मुळातच बोलण्याच्या वेगाने लिहिलेले असतात. जाणता अभिवाचक हे ओळखून वर्णनात चाल थोडी वाढवतो, आवाज सरळ ठेवतो आणि वळणापाशी सावकाश होतो.

यावर एक हरकत येते: वेग श्रोत्याच्याच हातात आहे, दीडपट लावला की झाले! कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत व्याख्यानांच्या चित्रफितींवर झालेल्या प्रयोगांत दुप्पट वेगानेही विद्यार्थ्यांचे आकलन फारसे घसरले नाही, हेही खरे. पण व्याख्यानातून माहिती उचलायची असते. कादंबरीत ‘काय झाले’ हे कळण्याइतकेच ते कधी आणि किती वाट पाहून कळले, यालाही महत्त्व असते. वेग वाढवला की ॲप शब्दांबरोबर विरामही आखूड करते. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये अभिवाचकाने मुद्दाम ठेवलेला सव्वा सेकंद अर्ध्यावर आला तर उत्तर कळते, पण उत्तर द्यायला पात्र कचरले होते, हे कळत नाही.

एका वाक्याची पाच वाचने

आता भाराकडे वळू. एक साधे वाक्य घ्या: ‘मी त्याला पैसे दिले नव्हते.’ ‘मी’वर भार दिला तर दुसऱ्या कुणीतरी दिले होते. ‘त्याला’वर दिला तर पैसे दिले होते, पण भलत्याच माणसाला. ‘पैसे’वर दिला तर दिले काहीतरी वेगळेच. ‘दिले’वर दिला तर त्याने ते आपणच उचलले असावेत. कुठेच भार न देता वाक्य सपाट सोडले तर साधा खुलासा होतो, किंवा थकलेल्या माणसाचा कबुलीजबाब. पानावर हे पाचही अर्थ एकाच रूपात झोपलेले असतात आणि संदर्भ पाहून आपण त्यातला एक उठवतो. अभिवाचकाला मात्र एक निवडावाच लागतो. चुकीचा निवडला तर श्रोत्याला चूक दिसत नाही. काहीतरी बसत नाही एवढेच जाणवते, आणि मन कथेतून बाहेर येते.

मराठीत ही कसरत जास्त अवघड आहे, कारण आपले क्रियापद आणि नकार दोन्ही बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. ‘तिने ते पत्र पेटीतून काढले, दिव्याजवळ धरले, दोनदा वाचले आणि तरीही फाडले नाही.’ हे वाक्य प्रथमच पाहणारा माणूस ‘फाडले’वर आवाज खाली आणून वाक्य मिटवतो, आणि ‘नाही’ शेपटासारखे मागे लोंबत राहते. शेवट आधीच ठाऊक असलेला माणूस ‘तरीही’पासून आवाज धरून ठेवतो आणि ‘नाही’वर सोडतो. मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या काही शब्द पुढे धावत असतो. गाय बसवेल या अमेरिकी संशोधकाने १९२० सालीच हे अंतर मोजून दाखवले होते आणि सराईत वाचकाचे अंतर नवशिक्यापेक्षा मोठे असते हेही नोंदवले होते. पण लांबलचक मराठी वाक्याला हे काही शब्दांचे अंतर पुरत नाही. तिथे वाक्य आधी वाचलेले लागते, आणि कादंबरीला आख्खी कादंबरी आधी वाचलेली लागते.

का, ते ऑडिओबुकच्या इतिहासातलेच एक उदाहरण सांगते. ब्रिटनमध्ये अंधांसाठी, विशेषतः पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून, बोलक्या पुस्तकांची सेवा नोव्हेंबर १९३५ मध्ये सुरू झाली. मंद गतीने फिरणाऱ्या मोठ्या तबकड्यांच्या एका बाजूवर सुमारे २५ मिनिटांचा मजकूर मावत असे. अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची १९२६ ची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ होती. या कादंबरीतला निवेदक, म्हणजे गोष्ट सांगणारा गावचा डॉक्टर, वाचकापासून एक मोठी गोष्ट दडवून ठेवतो, तीही एकही खोटे वाक्य न उच्चारता. छापील पानाला चेहरा नसतो, त्यामुळे लपवणे सोपे. आवाजाला तसे लपता येत नाही. अभिवाचकाने शेवट जाणून सूचक स्वर लावला तर रहस्य पहिल्याच तबकडीत फुटेल. शेवट न जाणता भोळेपणाने वाचले तर डॉक्टरची जपून निवडलेली वाक्ये वाया जातील. त्याला सगळे ठाऊक हवे आणि त्यातले काहीही आवाजात उतरता कामा नये. अभिवाचन म्हणजे नुसता स्पष्ट उच्चार नव्हे, हे यावरून पटावे.

पात्रांचे आवाज: किती रंगवायचे?

जिम डेल यांनी हॅरी पॉटरच्या पाचव्या भागात १३४ वेगवेगळे आवाज काढले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. जॉर्ज सॉन्डर्स यांच्या ‘लिंकन इन द बार्डो’ या कादंबरीच्या २०१७ च्या ऑडिओबुकात तर १६६ माणसांनी आवाज दिले. अशा आकड्यांमुळे वाटते की जितके आवाज जास्त तितकी मजा जास्त. मूळ गरज मात्र साधी आहे: आत्ता कोण बोलतो आहे हे श्रोत्याला कळले पाहिजे. पानावर अवतरणचिन्हे आणि नवा परिच्छेद हे काम करतात. ‘तो म्हणाला’, ‘ती म्हणाली’ हे शब्द डोळा गिळून टाकतो, पण कानाला ते दर वेळी पूर्ण ऐकू येतात आणि टोचतात. चांगला अभिवाचक असे शब्द हलक्या, उतरत्या आवाजात सोडून देतो आणि बोलणाऱ्याची ओळख स्वरातल्या छोट्याशा बदलाने करून देतो. एखादे पात्र किंचित सावकाश बोलते, दुसरे शब्द तोडत बोलते. श्रोत्याला तेवढे पुरते.

गोंधळ होतो तो हा बदल नकलेपर्यंत गेला की. पुरुष अभिवाचकाने प्रत्येक स्त्रीसाठी आवाज बारीक केला तर सासू, सून आणि शाळकरी मुलगी एकाच साच्यातून निघतात. बोलीचेही तसेच. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गोष्ट सांगणारा तरुण मास्तर प्रमाण मराठीत सांगतो आणि वाडीतली माणसे माणदेशी बोलतात. शिकून नोकरीवर आलेला मुलगा आणि त्याला हळूहळू आपला मानणारी वाडी यांच्यामधले अंतर या दोन भाषांमध्येच आहे. अभिवाचकाने मास्तरच्या निवेदनालाही गावरान झाक दिली तर ते अंतर पुसले जाते. संवाद शहरी थाटात वाचले तर वाडीच नाहीशी होते. आणि माणदेशी म्हणून कुठलीतरी सिनेमातली ‘ग्रामीण’ बोली लावली तर त्या भागातला श्रोता दुसऱ्या मिनिटाला कान काढून घेतो. इथे गोड आवाजाचा उपयोग नाही. लेखकाने भाषा कुठे आणि कशासाठी बदलली, हे कळलेले असावे लागते.

कथाकथन वेगळे, कादंबरी वेगळी

मराठी श्रोत्याचा कान कथाकथनावर तयार झाला आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि माडगूळकर यांनी गावोगावी सभागृहे गाजवली, तर व. पु. काळे यांच्या ध्वनिफिती घरोघरी पोहोचल्या. त्यामुळे ‘रंगवून सांगितले’ ही आपल्याकडे वाचनालाही मिळणारी सर्वांत मोठी दाद ठरली. पण कथाकथनाला समोर गर्दी असते, हशा असतो, आणि कार्यक्रम तास-दीड तासात आटोपतो. ऑडिओबुकचा श्रोता एकटा असतो, आवाज थेट कानात असतो आणि सोबत दहा-बारा तासांची असते. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा जोर कानाशी आला की आरडाओरडा वाटतो. अर्ध्या तासाच्या कथेत खुलणारी लकब दहाव्या तासाला नकोशी होते.

भावनेच्या बाबतीत तर संयम फारच लागतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकरची बहीण मनी मरते तो भाग घ्या. दुःख थेट न सांगता विस्कटलेल्या वाक्यांतून ते वाचकावर येऊन आदळते. तिथे अभिवाचकाचा गळा दाटून आला तर श्रोत्यासाठी काही उरत नाही, रडण्याचे काम परस्पर उरकलेले असते. आवाज जवळजवळ कोरडा राहिला तर विस्कटलेली वाक्ये आपले काम करतात. अभिवाचकाने मजकूर मागतो तेवढेच निर्णय घ्यावेत आणि उरलेले श्रोत्यावर सोडावेत, असा नियम यातून निघतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास मांडला होता. त्यात ऑडिओबुकमधल्या कथांचे दृश्य रूप पाहणाऱ्यांनी आपण जास्त गुंतलो असे सांगितले, पण हृदयाचे ठोके आणि त्वचेतले बदल ऐकणाऱ्यांमध्ये जास्त आढळले. अभ्यासाला ऑडिओबुक विकणाऱ्या ऑडिबल कंपनीचा हातभार होता आणि तुलना छापील पुस्तकाशी नव्हती, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरी दिसत नसलेले भरून काढायला मन राबते, एवढे त्यातून सुचते. अभिवाचकाने सगळेच भरून दिले तर ते राबणे थांबते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की मेंदूला वाचणे आणि ऐकणे सारखेच, मग अभिवाचकाचे एवढे काय? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की त्याच गोष्टी ऐकताना आणि वाचताना शब्दांच्या अर्थाला मेंदूचे जवळपास तेच भाग प्रतिसाद देतात. मात्र त्या प्रयोगात वाचणाऱ्यांना शब्द एकेक करून, बोलण्याच्याच वेळापत्रकाने दाखवले होते. म्हणजे मागे वळण्याची आणि वेग ठरवण्याची वाचकाची मुभा प्रयोगानेच काढून घेतली होती. अर्थ एकाच ठिकाणी पोहोचतो हे मान्य, पण आनंद ज्या गोष्टींवर ठरतो त्या या प्रयोगाच्या बाहेर राहिल्या.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक अंध वाचक संगणकाचा सपाट आवाज प्रचंड वेगाने ऐकतात आणि त्यांना तेच हवे असते, कारण मग अर्थ लावणारे ते स्वतः असतात. बोलक्या पुस्तकांच्या सुरुवातीच्या काळापासून कितीतरी श्रोत्यांनी नाटकी वाचनाविरुद्ध तक्रार केली आहे. ही तक्रार रास्त आहे, चुकीच्या भारापेक्षा भार नसलेला बरा. पण त्या वेगाला कान वर्षानुवर्षे तयार करावा लागतो. शिवाय माणसाच्या आवाजात पूर्ण तटस्थता शक्य नसते. सपाट वाचले तर तोही एक स्वरच असतो, आणि विनोदी कादंबरीला तो मारक ठरतो. तेव्हा हा आक्षेप अतिरेकाविरुद्ध खरा आहे, समजून वाचण्याविरुद्ध नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे: यंत्र हे सगळे शिकेलच की! ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये यंत्राच्या आवाजातली पुस्तके बाजारात आणली, आणि असे आवाज सुधारतच चालले आहेत. एका वाक्यापुरते चढ-उतार यंत्राला साधू लागले आहेत. कस लागेल तो लांब अंतरावर. तिसऱ्या प्रकरणातले साधे वाक्य विसाव्या प्रकरणासाठी ठेवले आहे हे ओळखून ते आज किती हलक्या हाताने वाचायचे, हा निर्णय पूर्ण पुस्तकाच्या आकलनातून येतो. यंत्रालाही हाच निकष लावावा, आणि घाईत ध्वनिमुद्रण उरकणाऱ्या माणसालाही.

चौकट: नमुना ऐकताना काय तपासावे?

• सुरुवातीच्या वर्णनाऐवजी संवाद असलेला तुकडा ऐका. नाव न घेता कोण बोलते ते कळते का?
• लांब वाक्य शेवटपर्यंत धरले जाते का, की क्रियापदाआधीच आवाज बसतो?
• विनोद वाचताना अभिवाचक स्वतःच हसतो का? दुःखाच्या जागी आवाज आधीच ओला होतो का?
• बोलीभाषा त्या मुलखाची वाटते, की कुठलीही ‘गावाकडची’?
• आवाज आवडला नाही तरी दहा मिनिटे द्या. त्यानंतरही वाक्ये निसटत असतील तर अडचण वाचनात आहे, आवाजात नाही.

मग श्रेय कुणाचे?

आवाज आवडण्यात रुचीचा भाग आहेच. एकाला खर्ज आवडतो, दुसऱ्याला नाही, आणि फ्राय की डेल हा वाद तर बऱ्याच अंशी सवयीचा आहे. पण चुकलेला भार, तुटलेले वाक्य, नको तिथे ओतलेली भावना यांना रुचीचा प्रश्न म्हणता येणार नाही, ते वाचन चुकलेले असते. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकचे ॲप भारतात आले तेव्हा पहिल्या भाषांत मराठी होती आणि त्यानंतर मराठी कादंबऱ्या मोठ्या संख्येने आवाजात आल्या. त्यांच्याबद्दल बोलताना मात्र आपण अजूनही ‘आवाज छान आहे’ याच्या पुढे फारसे जात नाही. ऑडिओबुकचे परीक्षण करणाऱ्याने अभिवाचकाने कादंबरीचा कोणता अर्थ लावला, हे लिहायला हवे. प्रकाशकाने माइकपुढे बसण्याआधी पुस्तक दोनदा वाचायचा वेळ अभिवाचकाला द्यायला हवा, आणि त्या वेळेचे पैसेही. आज मोबदला बहुधा तयार ध्वनिमुद्रणाच्या तासांवर मोजला जातो, म्हणून पूर्ववाचन हे पदरमोड करून करायचे काम ठरते. श्रोत्याला आवडते किंवा खटकते ते बहुतांशी त्या न मोजलेल्या तासांतच ठरलेले असते.